इंजील, वांजेल आणि शुभवर्तमान

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत दोन सहकारी बाई आहेत, एक वेंगुर्ल्याकडच्या कॅथलिक घरातल्या आणि दुसऱ्या हर्णैच्या कोकणी मुसलमान घरातल्या. नाताळच्या सुट्टीआधी डबे खाताना विषय निघाला. हर्णैच्या बाई म्हणाल्या, "आम्हीपण इंजील मानतो. ती न मानून मुसलमानाला चालतच नाही." वेंगुर्ल्याच्या बाईंनी विचारले, "मग वाचत का नाही?" त्यावर, "ईसा अलैहिस्सलामांना दिलेली ती इंजील आता आहे कुठे? तुमच्याकडे आहेत ती चार माणसांनी लिहिलेली पुस्तके," असे उत्तर आले आणि बोलणे तिथेच तुटले. दोघींची चांगली मैत्री आहे. पण त्या एकाच ग्रंथाविषयी बोलत होत्या की नाही, हेच मला कळले नाही. कृपया उलगडून सांगावे.

उत्तर : आपल्या दोन्ही सहकारी आपापल्या धर्माला धरूनच बोलत होत्या, आणि तरीही त्यांचे बोलणे एकमेकींपर्यंत पोहोचले नाही, कारण एकच शब्द त्यांच्या घरी दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. हर्णैच्या बाईंच्या लेखी इंजील म्हणजे अल्लाहने ईसांना, म्हणजेच येशूला, दिलेली किताब. वेंगुर्ल्याच्या बाईंच्या लेखी मुळात येशूला कोणतेही पुस्तक दिले गेले नव्हते; येशूच्या रूपाने देवाने जे केले त्याची बातमी म्हणजे शुभवर्तमान, आणि ती बातमी चौघांनी लिहून ठेवली. म्हणून "मूळ इंजील कुठे आहे?" हा प्रश्न एकीला अगदी स्वाभाविक वाटतो आणि दुसरीला त्याचा अर्थच लागत नाही.

आधी शब्दाकडे पाहू, कारण आपल्या किनाऱ्यावर तो तीन रूपांत नांदतो आहे. मूळ ग्रीक शब्द 'एव्हांगेलिओन', अर्थ आनंदाची बातमी. ख्रिस्ती लोकांनी तो घेण्याआधी रोमन राज्यकर्त्यांच्या कारभारातही तो होता. आशिया मायनरमधील प्रिएने येथील इ.स.पू. ९ च्या शिलालेखात सम्राट ऑगस्टसचा जन्मदिवस हा जगासाठी अशा शुभ बातम्यांचा आरंभ असल्याचे म्हटले आहे. हाच ग्रीक शब्द अरबीत 'इंजील' झाला, बहुधा इथिओपियातील गीझ भाषेतल्या 'वंगेल' या रूपाच्या किंवा सिरियाक भाषेच्या वाटेने. आणि हाच शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्यात येऊन कोकणीत 'वांजेल' झाला, जो वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या कॅथलिक घरांत आजही ऐकू येतो. म्हणजे इंजील आणि वांजेल ही एकाच आजीची नातवंडे आहेत. एक अरबी भाषेबरोबर आपल्या बंदरांत उतरले, दुसरे पोर्तुगीज जहाजांतून. मराठीने मात्र तिसरा मार्ग धरला. तिने शब्दाचा ध्वनी घेतला नाही, अर्थ घेतला आणि 'शुभवर्तमान' किंवा 'सुवार्ता' म्हटले. 'इकडील वर्तमान ठीक' असे आपले आजोबा पत्रात लिहीत ते वर्तमान, वर्तमानपत्रातले वर्तमान.

मला या फरकात उत्तराचा मोठा भाग दिसतो. शब्द ध्वनीने आला की तो एखाद्या वस्तूचे विशेषनाम होऊन बसतो, जसे आधीच्या पैगंबरांच्या किताबांची नावे तौरात, जबूर, इंजील. अर्थाने आला की त्यातली बातमी जागी राहते. अर्थात हा नियम मानू नये. अरबी बोलणारे ख्रिस्तीही आपल्या ग्रंथाला इंजीलच म्हणतात आणि उर्दू बोलणारे ख्रिस्तीही तसेच म्हणतात. पण कोकणात ऐकणाऱ्याच्या कानावर जो परिणाम होतो तो हाच.

आता मुसलमानांची समजूत नीट पाहू. कुराणात इंजील हा शब्द बारा वेळा आला आहे. पाचव्या सूरेच्या (अध्यायाच्या) ४६ व्या आयतीत (वचनात) अल्लाह म्हणतो की, आम्ही मरियमपुत्र ईसांना इंजील दिली, तिच्यात मार्गदर्शन आणि प्रकाश होता, आणि तिने आधीच्या तौरातला दुजोरा दिला. एकोणिसाव्या सूरेत पाळण्यातले बालक ईसा स्वतः बोलते आणि म्हणते की मी अल्लाहचा बंदा आहे, त्याने मला किताब दिली आहे. मूसांना तौरात, दाऊदांना जबूर, ईसांना इंजील आणि मुहंमद पैगंबरांना कुराण, अशी ही एकच मालिका आहे, आणि या सर्व किताबांवर श्रद्धा असणे हा इमानचा भाग आहे. त्यामुळे हर्णैच्या बाई म्हणाल्या ते शब्दशः खरे आहे. त्या इंजीलचा संदेश काय होता, तर सर्व पैगंबरांचा जो असतो तोच: ईश्वर एक आहे, त्याचीच भक्ती करा. त्याबरोबर काही कडक निर्बंध सैल करणे आणि आपल्यानंतर 'अहमद' नावाचा रसूल, म्हणजे मुहंमद पैगंबर, येणार असल्याची वार्ता देणे. या शेवटच्या गोष्टीसाठी ६१ व्या सूरेत ईसांच्या तोंडी जो शब्द आहे तो 'मुबश्शिर', म्हणजे बशारत, शुभवार्ता आणणारा. इस्लाममध्ये शुभवार्तेचा अर्थ हरवला आहे, असे म्हणणाऱ्यांनी ही आयत पाहावी. अर्थ आहे, पण ती वार्ता पुढे येणाऱ्याकडे बोट दाखवते.

ख्रिस्ती माणसासाठी ती वार्ता घडून गेलेल्या गोष्टीची आहे. आद्य ख्रिस्ती प्रचारक संत पौलाने इसवी सनाच्या ५५ च्या सुमारास करिंथ शहरातील मंडळीला पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की जे शुभवर्तमान मी तुम्हाला सांगितले ते असे: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरले, तिसऱ्या दिवशी तो उठविला गेला. हे पत्र लिहिले गेले तेव्हा, बहुतेक अभ्यासकांच्या मते, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्यापैकी एकाचेही पुस्तक तयार झालेले नव्हते; सर्वांत आधीचे मार्कचे पुस्तक साधारण ७० च्या आसपासचे धरतात. म्हणजे शुभवर्तमान आधी आणि शुभवर्तमानाची पुस्तके नंतर. हा क्रम ध्यानात आला नाही तर ख्रिस्ती भूमिका कधीच कळणार नाही. पुस्तक हरवले असते तरी बातमी उरली असती, असे ख्रिस्ती माणूस म्हणू शकतो. मुसलमानाच्या समजुतीत किताब हरवली तर मूळ वस्तूच हरवली.

गोंधळात आपल्या मराठीनेही थोडी भर घातली आहे. मराठी बायबलमध्ये पहिल्या पुस्तकाचे शीर्षक 'मत्तयकृत शुभवर्तमान' असे छापतात. 'मोरोपंतकृत आर्या' म्हटले की आर्या मोरोपंतांनी रचल्या, असेच आपण समजतो. तेव्हा मुसलमान वाचकाने 'मत्तयकृत' वाचून "पाहा, हे माणसाचे काम आहे, असे मुखपृष्ठच सांगते आहे" असे म्हटले तर त्याची चूक नाही. ग्रीक शीर्षकात मात्र 'काता मत्थायोन' आहे, आणि 'काता' म्हणजे 'च्यानुसार'. शुभवर्तमान एकच, ते मत्तयच्या साक्षीनुसार, मार्कच्या साक्षीनुसार, असे चौघांच्या तोंडून. लूक तर सुरुवातीलाच सांगतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून जे आले ते मी मुळापासून तपासून क्रमाने लिहितो आहे. माणसाने शोध घेऊन लिहिले हे ख्रिस्ती लोक लपवीत नाहीत. त्या लिहिण्यामागे पवित्र आत्म्याची प्रेरणा होती, असे ते मानतात. मुसलमानांच्या परिचयाच्या प्रकारांत या चार पुस्तकांना जागा शोधायची तर ती कुराणापेक्षा सीरत (पैगंबरांचे चरित्र) आणि हदीस (त्यांच्या वचनांच्या व कृतींच्या आठवणी) यांच्या जवळची ठरेल: थोर पुरुषाचे बोलणे, वागणे, साक्षीदारांनी सांगितलेले.

मग ख्रिस्ती धर्मात कुराणाच्या जागी काय आहे? इथे उत्तर बायबल असे देण्याचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. कुराण हे अल्लाहचे शब्द, जसेच्या तसे अरबीत उतरलेले. ख्रिस्ती श्रद्धेत देवाचा शब्द पुस्तक झाला नाही, तो माणूस झाला. योहानच्या पहिल्याच अध्यायात ते वाक्य आहे. म्हणून कुराणाच्या जागी ख्रिस्ती बाजूला खुद्द येशू येतो.

हा फरक मी कोणत्याही ग्रंथाआधी डोळ्यांनी पाहिला आहे. श्रीवर्धनजवळच्या एका परिचितांच्या घरी त्यांच्या आजी रोज पहाटे कुराण वाचत. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवरून कापडी जुजदानात गुंडाळलेली प्रत उतरवायची, हात-तोंड-पाय धुऊन वुजू करून बसायचे, ती लाकडी रेहलवर उघडायची आणि अक्षरांवरून बोट फिरवीत अरबी वाचायचे. अर्थ त्यांना सगळा येत नव्हता, तसे त्या मोकळेपणाने सांगत; पण उच्चार चुकला की त्या थांबून आयत पुन्हा म्हणत, कारण तो शब्द जसा उतरला तसाच ओठांवर यायला हवा. वसईतील एका चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला मी बसलो होतो तेव्हा आधीची वाचने लोक बसून ऐकत होते. शुभवर्तमानाची वेळ येताच सारे उभे राहिले आणि लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाने अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढला. वाचन मात्र साध्या मराठीत झाले, आणि भाषांतर वाचले म्हणून काही उणे राहिले असे कोणाला वाटले नाही. वाचून झाल्यावर फादरांनी त्या पानाचे चुंबन घेतले. दोन्हीकडे आदर सारखाच खोल. पण आजींच्या हातात खुद्द ईश्वरी शब्द होता, आणि वसईत उभे राहिलेले लोक ज्याच्याविषयी ऐकत होते त्याच्यासाठी उभे होते.

आता 'ती इंजील आता आहे कुठे?' या प्रश्नाचा दुसरा भाग. आधीच्या ग्रंथधारकांनी शब्द त्यांच्या जागेवरून हलविले, असे कुराण सांगते, आणि यालाच 'तहरीफ' म्हणतात. ती कशी झाली याविषयी मुसलमान विद्वानांचे एकमत कधीच नव्हते. अकराव्या शतकातील कॉर्दोबाचे इब्न हज्म म्हणत की मजकूरच बदलला गेला. दुसरा पक्ष म्हणत आला की मजकूर बहुतांशी तोच आहे, अर्थ वाकविला गेला. आपल्या देशात हा वाद फार गंभीरपणे झाला. एप्रिल १८५४ मध्ये आग्र्याला मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांची जाहीर चर्चा झाली. मौलानांच्या बाजूने युरोपातल्याच बायबल अभ्यासकांचे ग्रंथ पुढे आणले गेले आणि हस्तलिखितांत पाठभेद असल्याचे फांडर यांना मान्य करावे लागले. त्यानंतर आठच वर्षांनी, १८६२ मध्ये, सर सय्यद अहमद खान यांनी बायबलवरील आपले भाष्य छापायला सुरुवात केली, आणि बिघाड मुख्यतः अर्थाचा आहे, मजकुराचा नाही, असे मत मांडले. पंधराव्या शतकात कैरोचे अल-बिकाई तर कुराणावरील भाष्यात बायबलचे उतारे सरळ वापरीत होते. तेव्हा आपल्या हर्णैच्या बाईंचे मत हे मुसलमान परंपरेतले एक वजनदार मत आहे, एकमेव नव्हे. ख्रिस्ती बाजूला एवढे नक्की सांगता येते की चौथ्या शतकातील दोन मोठी हस्तलिखिते, सिनाई आणि व्हॅटिकन या नावांनी ओळखली जाणारी, आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतली चार शुभवर्तमाने, काही पाठभेद सोडता, आपण वाचतो तीच आहेत. म्हणजे पैगंबरांच्या काळी ख्रिस्ती लोकांच्या हाती जे होते ते आजच्यासारखेच होते. बदल झाला असे मानायचे तर तो त्याआधीचा मानावा लागतो.

खरी तेढ मात्र कागदापाशी नाही. मरियमचे कौमार्य, ईसांचा जन्म, आंधळ्यांना दृष्टी देणे, मेलेल्यांना उठविणे, त्यांना 'मसीह' (अभिषिक्त) म्हणणे, त्यांचे पुन्हा येणे, हे सारे दोघींना मान्य आहे. क्रुसापाशी वाटा फुटतात. चौथ्या सूरेची १५७ वी आयत म्हणते की त्यांना ठार केले गेले नाही, क्रुसावरही चढविले नाही, लोकांना तसा भास झाला. अल्लाह आपल्या पैगंबराची अशी विटंबना होऊ देत नाही, असे बहुतेक मुसलमान भाष्यकार त्याचे कारण सांगतात. आणि पौलाच्या ज्या तीन वाक्यांना ख्रिस्ती माणूस शुभवर्तमान म्हणतो, त्यातले पहिलेच ते मरण आहे. एकाच्या लेखी ईश्वराचा मान राखण्यासाठी जे घडणे अशक्य, तेच दुसऱ्याच्या लेखी ईश्वराने स्वतःहून पत्करले म्हणून ती बातमी शुभ. या मतभेदाला मी कधीच लहान मानणार नाही, आणि आपणही स्टाफरूममध्ये 'सगळे सारखेच' असे म्हणून तो झाकू नये. दोन्ही बाईंना आपला धर्म पुरता ठाऊक आहे. वेंगुर्ल्याच्या बाईंनी 'वाचत का नाही' याऐवजी 'तुमच्या इंजीलमध्ये काय होते असे तुम्ही मानता' असे विचारावे, आणि हर्णैच्या बाईंनी 'मूळ कुठे आहे' याऐवजी 'तुम्ही बातमी कशाला म्हणता' असे विचारावे. मधली सुट्टी पुरणार नाही, पण बोलणे तुटणार नाही.

प्रश्न : मालवणच्या महाविद्यालयात शिकतो. मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे की ३२५ साली निकेयाच्या परिषदेत चार शुभवर्तमाने निवडून बाकीची जाळली, आणि खरी इंजील म्हणजे बर्नबाचे शुभवर्तमान. यात तथ्य किती?

उत्तर : पहिला भाग निखालस चुकीचा आहे. निकेयाच्या परिषदेत, म्हणजे ख्रिस्ती धर्माध्यक्षांच्या सभेत, पुत्राचे (येशूचे) पित्याशी (देवाशी) नाते काय, ईस्टर कधी पाळावा आणि धर्मगुरूंची शिस्त यांवर निर्णय झाले. कोणती शुभवर्तमाने ठेवावीत हा विषय तेथे निघालाच नाही. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, १८० च्या सुमारास, लियोंचे धर्माध्यक्ष आयरेनियस लिहितात की दिशा चार, वारे चार, तशी शुभवर्तमाने चारच.

बर्नबाच्या नावाने चालणारे पुस्तक सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या इटालियन हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आले; १९०७ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले आणि पुढच्याच वर्षी कैरोत अरबी. ते किती उशिराचे आहे हे आपल्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला एका प्रसंगावरून लगेच कळेल. त्यात येशू गालील सरोवरात होडीत बसतो आणि नासरेथला जाऊन उतरतो. नासरेथ हे सरोवरापासून सुमारे पंचवीस किलोमीटर दूर, डोंगरात आहे. त्या मुलखातला माणूस असे लिहिणार नाही, जसा मालवणचा कोणी होडीने आंबोलीला उतरल्याचे लिहिणार नाही. शिवाय त्यात ज्युबिली, म्हणजे मुक्ततेचे पवित्र वर्ष, दर शंभर वर्षांनी येते असे म्हटले आहे. बायबलमध्ये ते पन्नास वर्षांनी येते. शंभराचा ठराव पोप बोनिफेस आठवे यांनी १३०० मध्ये केला.

मुसलमान वाचकांनीही हे पुस्तक सावधपणे घ्यावे असे मला कळकळीने वाटते, कारण ते कुराणाच्या विरोधात जाते. त्यात येशू आपण मसीह असल्याचे नाकारतो आणि मुहंमद पैगंबरांना मसीह म्हणतो. कुराणात मात्र मसीह हे ईसांचेच बिरुद आहे. ज्या पुस्तकाने इंजीलची बाजू मांडावी म्हणून आपण ते हाती घेतो, तेच कुराणाचे वाक्य खोडते.

प्रश्न : मुरूड-जंजिऱ्याचा निवृत्त कर्मचारी आहे. दोन्ही धर्मांतील मूळ वाचन मराठीतून करायचे आहे. कोठून सुरुवात करावी?

उत्तर : मार्कपासून करावी. सोळा अध्यायांचे हे सर्वांत छोटे शुभवर्तमान आहे, दीड तासाच्या एका बैठकीत संपते, आणि तुकड्यातुकड्याने वाचण्यापेक्षा सलग वाचले तर त्याची घाई, 'लगेच', 'लगेच' करीत क्रुसाकडे धावणे, अंगावर येते. मराठी बायबल अनेक आहेत. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले भाषांतर त्यांच्या निधनानंतर पुस्तकरूपाने आले, आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आजच्या मराठीत आहे. त्यानंतर लूकचा पहिला आणि दुसरा अध्याय वाचून लगेच कुराणातील मरियम ही एकोणिसावी सूरा आणि तिसऱ्या सूरेच्या ३३ ते ६३ आयती वाचाव्यात. लूकमध्ये बाळ गव्हाणीत निजविले आहे. मरियम सूरेत प्रसूतीच्या कळांनी व्याकूळ झालेली एकटी आई खजुराच्या बुंध्याला टेकते, आधी मेले असते तर बरे झाले असते म्हणते, आणि तिला सांगितले जाते की बुंधा हलव, ताजी खजुरे खाली पडतील, पायाशी झराही आहे. नारळी-पोफळीत वाढलेल्या माणसाला ते दृश्य दूरचे वाटत नाही.

मार्क वाचताना एक गोष्ट पाहून ठेवावी. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीत स्त्रिया रिकाम्या कबरीपासून थरथरत पळतात आणि भीतीमुळे कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातील ती दोन मोठी हस्तलिखिते तिथेच थांबतात, आणि पुढच्या बारा ओव्या या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत हे आता अनेक आवृत्त्यांत तळटिपेत छापलेले असते. आग्र्याला मौलाना कैरानवींनी जे प्रश्न विचारले त्यांच्याच जातीचा हा प्रश्न आहे, आणि तो ख्रिस्ती अभ्यासकांनी स्वतःच आपल्या पानावर लिहून ठेवला आहे. वर ज्या दापोलीच्या बाईंचे पत्र दिले आहे, त्यांच्या दोन्ही सहकाऱ्यांनी एकत्र बसून वाचायचे ठरविले, तर हे पान आधी उघडावे.